नंबर नसलेलं फूल

मित्रांनो, मी एका जुन्या कीबोर्डावरचा खटका आहे. नाव आल्ट. मला एकट्याला दाबलं तर पडद्यावर काहीही उमटत नाही. आधीच सांगितलेलं बरं, मागाहून तुमची निराशा नको.

जन्म कारखान्यातला. तिथं आम्ही सगळेच गोरे होतो. शहाण्णव साली आर्वीला मोतीलालशेठच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात आलो आणि माझे दिवस फिरले. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये चिन्हं पुष्कळ आणि खटके थोडे. त्यामुळे अवघड जोडाक्षरांचे तुकडे, कलश, सनई, गणपती असे सगळे आकड्यांच्या मागे दडून बसलेले. टायपिंग करणारी दिपाली डाव्या अंगठ्यानं मला दाबून धरायची, उजव्या हातानं आकडे मारायची आणि मला सोडायची. सोडलं की गणपती हजर. गिऱ्हाईक पडद्याला हात जोडायचं. मला कोणी जोडले नाहीत. दुसऱ्यांचं काम होईपर्यंत दबून राहायचं, अशा नोकरीत हारतुरे नसतात.

एका उन्हाळ्यात रोहणा गावाकडून टिकाराम आला. लेकीचं, स्वीटीचं लग्न होतं. बरोबर त्याची म्हातारी आई, सखू. दिपालीनं सवयीनं गणपती काढला.

"गणपती चांगलाच आहे बाई," टिकाराम म्हणाला, "पण आमच्याकडं मोहाचं फूल लागते. माय भिंतीवर काढते तसं."

"त्याले नंबर नाई, भाऊ."

"फुलाले कायले नंबर?" सखूनं विचारलं.

मोतीलालशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "आजी, नंबर नाई त राशनही भेटत नाई."

पण त्या घरचा नेम होता. फूल असलेली पहिली पत्रिका देवापाशी ठेवायची, मगच बाकीच्या वाटायच्या. फूल नाही तर आवतणच नाही. शेवटी दिपालीनं सखूकडून कागदावर फूल काढून घेतलं, तसंच संगणकावर रेखाटलं आणि फॉन्टमधल्या एका रिकाम्या नंबरावर नेऊन बसवलं. मग मला दाबलं, आकडे मारले, सोडलं. फूल उमटलं. सखूनं पडद्याखाली ओंजळ धरली. मोहाचं फूल गळतंच, हे तिला ठाऊक होतं.

फ्लॉपी वर्ध्याच्या छापखान्यात गेली. दिपालीनं पत्रिका पाठवली, नवा फॉन्ट पाठवायचा राहिला. छापखान्यात तोच फॉन्ट होता, पण जुना, फुलाशिवायचा. नंबर तिथं नीट पोचला. त्या पत्त्यावर कोणी राहतच नव्हतं. पत्रिका छापून आल्या तेव्हा फुलाच्या जागी रिकामा चौकोन होता. आणि लग्न तर तोंडावर आलेलं. टिकाराम सखूला घेऊन पत्रिका न्यायला आला.

"माही चूक झाली, आजी," दिपाली म्हणाली. "पुन्हा छापाले वेळ नाई."

सखूनं पत्रिका जवळ घेतली, लांब धरली.

"हे खिडकी काऊन ठेवली?"

"चुकून झाली."

"चुकून कायची? जागा ठेवली तुनं. हळद आन."

पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावायला दुकानात हळद असायचीच. दिपालीनं ती भिजवली. सखूनं आगकाडीचं टोक बुडवलं आणि चौकोनात फूल काढलं. मग दुसऱ्या पत्रिकेवर. दिपाली वाटी धरून बसली. एक फूल दुसऱ्यासारखं नव्हतं. टिकाराम म्हणाला, "माय, हे वाकडं झालं." सखू म्हणाली, "झाडावर जाऊन सरळ करून ये."

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि दिपालीनं तशाच हळदीच्या ओल्या अंगठ्यानं मला दाबलं.

पुढं साऱ्या जगात एकेका अक्षराचा एकच नंबर ठरला. चांगलंच झालं. माझी गरज मात्र उरली नाही. मी आता माळ्यावर पोत्यात असतो. शेजारचे दोन खटके निखळून गेले.

मित्रांनो, तुमच्या पडद्यावर कधी रिकामा चौकोन दिसला तर त्याला लगेच उडवू नका. तिकडून कोणीतरी काहीतरी पाठवलेलं असतं, फक्त आपल्याकडे ते ओळखणारं कोणी नसतं. काय होतं, ते विचारून घ्या. आणि कधी माळ्यावर चढलात तर माझी धूळ झटका. हळदीचा डाग तेवढा राहू द्या. माझ्या नावावर उमटलेलं ते एकच चिन्ह आहे.