खाणीपेक्षा नितळ

गडचांदुरात तीस वर्षं बोअरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या जाफरला पाण्यातलं सगळं कळतं, असं लोकांना वाटायचं. त्यालाही वाटायचं. म्हणून एका ठेकेदाराने हौसेने बांधून वाऱ्यावर सोडलेला स्विमिंग टँक त्याने दुकान विकून घेतला, तेव्हा कोणी फार नावं ठेवली नाहीत. शिवाय कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा जाहिद गावाबाहेरच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत बुडून गेला होता. सतरा वर्षांचा पोरगा. काठावर पाय घसरला, असं सोबतच्या पोरांनी सांगितलं. त्या खाणीत पावसाचं पाणी साचतं, मे महिन्यातही आटत नाही, आणि गावातली पोरं तिथेच पोहतात. जाफरचं म्हणणं एकच होतं. गावात पोहायला धड जागा असती, तर पोरगा तिकडे गेलाच नसता. या एका वाक्याच्या आधारावर तो रोज सकाळी उठत होता.

मार्चमध्ये त्याने बोअरच्या पाण्याने टँक भरला. तीन दिवस पाणी छान होतं. चौथ्या दिवशी हिरवं पडलं. जाफर धावत गेला तो सोमाजीकडे. सोमाजी शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीचा माणूस. वीस वर्षं विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकत आलेला, आणि त्याच्या गावात कधी हगवणीची साथ आली नाही याचा त्याला रास्त अभिमान. त्याने आपली रीत शिकवली. पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं. मग काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं की पाणी शुद्ध.

पाणी पिवळं व्हायचं, चांगलं हळदीसारखं. पण टँक तांदळाच्या धुवणासारखा पांढरा होत चालला. सोमाजी म्हणाला, पावडर कमी पडून राह्यली. दोघांनी आणखी टाकली. मग तुरटी फिरवली. एका रात्रीत पांढरं सगळं तळाला बसलं आणि जाफरचा जीव भांड्यात पडला. सकाळी वीसेक पोरं आली, धबाधब उतरली आणि दहा मिनिटांत तळाचं सगळं वर आलं. डोळे चोळत पोरं बाहेर निघाली. नीलिमाबाई नेमक्या तेव्हाच आल्या.

नीलिमाबाई कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये होत्या. घरची मोटार जाफरने दोनदा सुधारून दिली होती, त्या ओळखीने आपल्या पुतणीला घेऊन आल्या होत्या. पाणी बघून त्यांनी पुतणीला हात धरून मागे ओढलं आणि फाटक लावायला सांगितलं. तळ दिसत नाही तिथे बुडालेलं माणूसही दिसत नाही, एवढं एकच वाक्य त्या बोलल्या. जाफरने फाटक ओढून घेतलं. पोर बुडू नये म्हणून एवढा खटाटोप केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

मग त्यांनी समजावलं. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो. इथल्या बोअरच्या पाण्यात तो आधीच रग्गड. विहीर रोज उपसली जाते, नवं पाणी येतं, म्हणून तिथे खपून जातं. टँकमध्ये तेच पाणी राहतं आणि चुन्यावर चुना चढत जातो. पाणी एवढं चुनखट झालं की पावडरीतला जंतू मारणारा क्लोरीन आत असूनही काम करत नाही. अर्धं पाणी काढा, क्लोरीनचं बिनचुन्याचं द्रावण आणा, ॲसिड थोडं थोडं द्या आणि सकाळ-संध्याकाळ रंग तपासा, पण सोमाजीच्या थेंबांनी नाही, पाण्यात ॲसिड कमी की जास्त ते दाखवणाऱ्या या दुसऱ्या थेंबांनी. जांभळा नको, पिवळा नको, मधला केशरी-गुलाबी हवा.

सांगायला सोपं होतं. जाफरने पहिल्या दिवशी घाईने दुप्पट ॲसिड ओतलं, रंग पिवळा. घाबरून सोडा टाकला, पुन्हा जांभळा. एप्रिल असाच गेला. नाकी नऊ आले, हाताची सालं निघाली. आणि रोज दुपारी टॉवेल खांद्यावर टाकून पोरं सायकलींनी फाटकासमोरून खाणीकडे जायची. जाफर रस्त्यावर येऊन विनवायचा, आठ दिवस थांबा बाबा. पोरं हो म्हणायची आणि पॅडल मारायची. 

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र जमलं. सलग चार दिवस रंग हवा तसा. फिल्टर घासला, तळ झाडला, आणि पाच फुटांखालची एकेक निळी फरशी मोजता येऊ लागली. खाणीपेक्षा नितळ, जाफर स्वतःशी म्हणाला. त्याने सायकली अडवून पोरांना आत बोलावलं. त्यांत धनराज होता, जाहिदचा जिवाभावाचा दोस्त, यंदा बारावी झालेला.

पोरं उतरली. इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या. अर्ध्या तासात कपडे घालून सायकलींपाशी गेलीसुद्धा. जाफरने धनराजला थांबवलं.

"काऊन रे? पाणी चांगलं नाई का?"

"पाणी एक नंबर हाय, चाचा."

"मंग कुठी चालले?"

धनराज सायकलच्या सीटवरची धूळ पुसत राहिला. "तिथी वरून उडी मारता येते, चाचा. दोन माळे उंच. इथी काय, छातीइतलं पाणी."

"अन् पाय घसरला तं? जाहिदचा घसरला तसा?"

धनराजने मान वर केली. डोळे भरले होते. "त्याचा पाय नाई घसरला, चाचा. तुम्हाले वाईट वाटन म्हणून आम्ही तसं सांगतलं. सगळ्यात उंचावरून तोच उडी मारे. इथी हा टँक असता नं, तरी तो तिथीच आला असता."

एवढं बोलून तो गेला. जाफरला राग येईना, रडूही येईना. दोन महिने ज्याच्यासाठी जीव काढला ते पाणी समोर स्वच्छ पडलं होतं आणि त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता. धनराजला अडवायला हवं होतं हेही त्याला उशिरा सुचलं. तोवर सायकली वळणाआड गेल्या होत्या.

संध्याकाळी घरी त्याच्या बायकोने, सुलतानाने, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, झालं का साफ. झालं, तो म्हणाला. पोरं आली होती का? आली होती. सुलतानाने पदराने डोळे टिपले आणि कितीतरी दिवसांनी थोडी हसली. चला, म्हणाली, निदान दुसऱ्यांची पोरं तरी आता त्या खाणीवर जाणार नाहीत.

नाही जाणार, जाफर म्हणाला.