सैल केलेली शिवण

मित्रांनो, शिलाई मशीनशेजारी खिळ्याला अडकवलेली ही काळ्या मुठीची जुनी, जड कात्री म्हणजे मी. भट्टीत तापले, घणाचे घाव सोसले आणि तीस वर्षांपूर्वी काकूंच्या हाती आले. त्या शिवणकाम करत. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणे. कापड बेतण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि माझ्यावाचून त्यांचं पान हलत नसे.

एका वर्षी त्यांची बोटं सुजू लागली. सकाळी तासभर मूठ वळेना. तळवे कडक झाले, बोटं आत आखडली.

"मेली बोथट झालीय," म्हणून काकूंनी मलाच बोल लावला. दोन महिन्यांत चारदा धार लावून आणली. चोर सोडून संन्याशाला फाशी! औषधवाला म्हणाला, "वयाची सांधेदुखी." काकूंनी गोळ्या घेतल्या आणि माझ्या मुठीला मऊ फडकं गुंडाळलं.

मग त्यांचा झगा कमरेला दाटू लागला. दुसरं कुणी घाबरलं असतं. काकूंनी मला उचललं आणि शिवण उसवून अर्धा इंच सैल केली. दोन महिन्यांनी पुन्हा. तिसऱ्यांदा आत राखलेलं जादा कापडच संपलं. तेव्हा लेकीचं लक्ष गेलं.

"आई, अगं हातापायांच्या काड्या झाल्यात तुझ्या, मग कंबर कशी वाढतेय?"

"बसून काम गं. दुसरं काय?"

"कधीपासून उसवतेयस?"

"झाले असतील चार महिने."

लेकीने मला त्यांच्या हातून काढून घेतलं आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात कळलं, अंडाशयात कर्करोग होता. पोटात पाणी साठलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात आखडले तेही त्याच रोगानं. असं क्वचित होतं. पण पहिली वर्दी हातांनीच दिली होती."

शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली. एकदा काकूंनी मला मागून घेतलं. बोटं मुठीत शिरेनात. "हिला उगाच बोलले गं मी," एवढंच त्या म्हणाल्या. थंडी सरायच्या आत काकू गेल्या. मला फार वाईट वाटतं, अजूनही.

मित्रांनो, मला धार आहे, जीभ नाही. त्या उसवत होत्या आणि मी मुकाट कापत होते. तुम्हाला मात्र बोलता येतं. प्रत्येक दुखण्यामागे असा रोग नसतो, पण घरात कुणाचे हात दुखत असतील, तर नुसते हात चोळून देऊ नका. जेवण जातं का, कपडे का दाटतात, तेही विचारा. विचारायला लाजू नका. काकूंच्या लेकीनेही विचारलं होतं. फक्त चार महिने उशिरा.