मौनीचा उजवा पाय आणि मी

मी एक जुना बूट आहे. माणसाचा नव्हे, कुत्र्याचा. हे ऐकून तुमच्यापैकी कोण कोण हसलं, ते मी लक्षात ठेवलं आहे. मित्रांनो, माझा स्वभावच संशयी. मला कुणी हातात घेतलं की हा मला वापरणार की फेकणार, हाच प्रश्न मला आधी पडतो. जन्मापासून एकटा असल्यामुळे असं झालं असेल. माणसांच्या बुटांना जोडीदार असतो, दाराशी टेकायला कुणीतरी असतं. कुत्र्याचा एका वेळी बहुधा एकच पाय कापतो, म्हणून मोच्याने मला एकट्यालाच शिवलं.

मोची मोठा बारकाईचा होता. पिशवी शिवून उरलेल्या मऊ चामड्यातून त्याने माझं अंग बेतलं, तळाला टायरचा पातळ तुकडा लावला आणि बांधायला दोन वाद्या दिल्या. शिकाऱ्याच्या हातात मला देताना तो म्हणाला, "रानात जखमेवर चढवा, पण घरी गेल्यावर काढा. चामडं आहे, आतला ओलावा बाहेर जात नाही." शिकारी "हो हो" म्हणाला. त्याचं ते दोनदा 'हो' म्हणणं मला तेव्हाच खटकलं होतं.

शिकाऱ्याचं काम पिकात घुसणारी रानडुकरं शोधून हुसकायचं, आणि त्या कामात त्याच्या पुढे धावायची ती मौनी. मौनी म्हणजे त्याची तांबूस, लांब कानांची कुत्री. ती डुकराचा माग काढताना भुंकायची नाही, काटा रुतला तरी कण्हायची नाही, म्हणून हे नाव. कापणी झालेल्या शेतातली खुंटं सुरीसारखी असतात आणि ओढ्यातल्या दगडांना धार असते. पंजाखालची गादी कापली की मौनी तीन पायांवर उभी राहायची आणि चौथा पाय शिकाऱ्याच्या हातात द्यायची. आवाज नाही, तक्रार नाही.

शिकाऱ्याच्या खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली, कापूस, पट्ट्या, मलमाची डबी, चिमटा, बोथट टोकाची कात्री आणि मी असा आमचा संसार होता. तो आधी जखमेवर पाणी ओतायचा. मग गादी दोन बोटांनी फाकवून आत बघायचा. खडा, काटा, जे असेल ते चिमट्याने काढायचा, रक्त थांबेपर्यंत पट्टी दाबून धरायचा, बोटांच्या फटींत कापूस ठेवायचा, पट्टी गुंडाळायचा आणि शेवटी मला चढवायचा. मग मौनी माझ्यासकट घरी चालत जायची. "असा पाय बांधणारा दुसरा नाही," असं लोक म्हणायचे, आणि त्यात थोडा वाटा माझाही आहे असं मला वाटायचं.

फक्त एक गोष्ट मोच्याने सांगितली तशी झाली नाही. शिकाऱ्याच्या वडिलांचा नियम होता, एकदा बूट चढवला की तीन दिवस उघडायचा नाही, वारा लागला की जखम चिघळते. शिकारी तो नियम पाळत आला. जखम आतून स्वच्छ असायची, त्यामुळे निभावून जायचं. मलाही तीन दिवस कुणाच्या तरी पायात राहायला मिळायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग गेल्या हंगामात पिशवीत एक नवा पाहुणा आला. रुमालात गुंडाळलेला चष्मा. डाव्या बाजूची काच गायब, उजव्या बाजूची तडकलेली. जवळचं बघायला शिकाऱ्याला काचेचाच चष्मा लागायचा, प्लास्टिकवर ओरखडे पडतात म्हणायचा. त्याची सून त्याला कितीदा म्हणाली होती, "बाबा, चष्म्याला दोरी लावून देते, गळ्यात राहील." तो म्हणायचा, "मी काय म्हातारा झालो?" आता हा मोडका चष्मा रुमालात लपवून ठेवलेला, घरात कुणाला पत्ता नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी लगेच ठरवून टाकलं की शिकाऱ्याचा मेहुणा त्यावर बसला असणार. तो मेहुणा कशावरही बसतो. एकदा माझ्यावरही बसला होता.

त्यानंतर आठवड्याभरात मौनीचा पाय कापला. फळबागेच्या कुंपणाला लागून ओढा आहे. तिथल्या सपाट दगडावर शिकारी आणि मेहुणा नेहमी पाणी प्यायला बसत. मौनी दगडाला वळसा घालून आली आणि उजवा पुढचा पाय उचलून उभी राहिली. गादीतून रक्त ठिबकत होतं.

शिकाऱ्याने पाणी ओतलं, गादी फाकवली आणि पंजा डोळ्यांपासून लांब धरला. मग जवळ आणला. पुन्हा लांब धरला.

"काय आहे दाजी, काही दिसतंय का?" मेहुण्याने विचारलं.

"दिसतंय ना. साधी चीर आहे," शिकारी म्हणाला.

त्याने चिमटा पिशवीतून काढलाच नाही. पट्टी बांधली आणि मला चढवलं. पण मित्रांनो, मी बूट आहे, पाय कसा पडतो ते मला आतून कळतं. मौनीचा पाय माझ्यात पूर्ण टेकत नव्हता. एका जागेवर भार आला की तो चटकन आखडायचा. इथे काहीतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. फक्त कुठे मुरतंय ते मी चुकीचं ओळखलं.

"ही बागवाल्याची करणी," मेहुणा म्हणाला. "परवाच म्हणत होता, तुमची कुत्री माझी रोपं तुडवते म्हणून. फेकल्या असतील बाटल्या फोडून."

मला ते शंभर टक्के पटलं. बागवाला कुणाला हसून नमस्कार करत नाही, आणि अशी माणसं मला कधीच सरळ वाटत नाहीत. शिकाऱ्यालाही पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

घरी आल्यावर मौनी सुनेच्या शिलाई मशिनखाली जाऊन बसली. सून दिवसभर खिडकीपाशी लोकांचे कपडे शिवायची, आणि मौनीला तिच्या पायांजवळची ती जागा आवडायची. पहिल्या दिवशी मौनीने मला चाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वाद्या कुरतडायला सुरुवात केली. माझ्या आत ऊब वाढत होती. मला वाटलं, ही मला घालवायलाच बसली आहे. इतकी वर्षं साथ दिली त्याचं हे फळ.

मेहुणा म्हणाला, "नाटक करतेय. रविवारी डुकरांमागे जायचंय ते कळलंय तिला."

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेने मशीन थांबवलं आणि खाली वाकली. "बाबा, वास येतोय हो पायाला."

"चामड्याचा असेल."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा वास असा कधीच नव्हता.

"उघडून बघू का?"

"उद्यापर्यंत थांब. तीन दिवस पुरे होऊ देत. उगाच वारा लागला तर रविवारी तिला नेता यायचं नाही."

"आणि उद्यापर्यंत पाय राहिला नाही तर?"

 मेहुण्याला घेऊन शिकारी बागवाल्याला जाब विचारायला निघून गेला.

त्यांची पावलं लांब गेली तशी सुनेने दार लोटलं आणि कात्री उचलली. मित्रांनो, त्या घरात मी कुणाकुणावर संशय घेतला होता, पण कात्री घेऊन माझ्याकडे येणारी ती पहिलीच. वाद्या सुटेनात, पाय सुजून माझ्यात घट्ट बसला होता. तिने माझ्या बाजूच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं. मला वाटलं, संपलो. वैरीण आहे ही, सासऱ्याची पाठ वळायचीच वाट बघत होती.

नंतर कळलं की तिने चामड्याला टोक लावलंच नव्हतं. एक एक टाका मोजून उसवला होता, पुन्हा शिवता यावा म्हणून. मी उघडलो तेव्हा त्या वासाने मलाच माझी लाज वाटली.

सुनेने आधी मऊ कापडाची पट्टी मौनीच्या तोंडाभोवती सैलसर बांधली. "तू शहाणी आहेस गं, पण दुखलं की शहाणपण राहत नाही," ती म्हणाली. मग कोमट मिठाच्या पाण्यात पंजा भिजवून ठेवला. मशिनचा दिवा खाली ओढून तिने गादी फाकवली आणि मशिनच्या खणातला दोरे ओढायचा चिमटा आत घातला. मौनीचं सगळं अंग थरथरत होतं. आणि मग ती कण्हली. आयुष्यात पहिल्यांदा. सून रडत होती, पण हात हलू दिला नाही.

नखाएवढा तुकडा निघाला. तिने तो पांढऱ्या कापडावर ठेवला, पाय धुतला, आणि तेवढ्यात बाहेरून दार धाडकन उघडलं.

शिकारी, मेहुणा, आणि त्यांच्या मागून बागवाला. त्याच्या हातात बादली होती, चेहरा लाल झाला होता.

"चार माणसांत मला कुत्र्यांचा वैरी म्हणाले तुमचे पाहुणे," तो मेहुण्याकडे बोट दाखवून शिकाऱ्याला म्हणाला. "ही घ्या, कुंपणाजवळ सापडली तेवढी काच वेचून आणलीय. हिरवी आहे, तपकिरी आहे. सगळी जुनी, मातीने घासून बोथट झालेली. तुमच्या कुत्रीच्या पायात कुठली होती ते दाखवा आता."

सुनेने कापड पुढे केलं. काच पांढरी, स्वच्छ होती. तिचा एक काठ गोल घासलेला होता.

"दिव्याची असेल," मेहुणा म्हणाला. "याच्या पंपघरातल्या."

सुनेला नवी पट्टी हवी होती. तिने शिकाऱ्याची पिशवी ओढली, आत हात घातला, आणि पट्टीच्या आधी तो रुमाल हाताला लागला. तिने चष्मा बाहेर काढला. तिने तो तुकडा रिकाम्या डाव्या चौकटीच्या कडेला धरला. तो खाचेत बसला.

मी तिथेच जमिनीवर उसवलेला पडलो होतो. मेहुणा, बागवाला, सून, खुद्द मौनी, मी कुणाला सोडलं नव्हतं. ज्या हाताने मला पायात चढवलं, त्याच्यावर तेवढा संशय घ्यायचा राहिला होता.

शिकारी मशिनच्या स्टुलावर बसला.

"त्याच दगडावर एकटाच बसलो होतो," शिकारी म्हणाला. "चष्मा मांडीवरून पडला आणि उठताना पाय पडला. मोठे तुकडे उचलून फेकले. बारीक राहिले त्यांच्यावर बुटाने माती लोटली. म्हटलं, घरी कळलं तर दोरी बांधतील गळ्यात." मग तो सुनेकडे बघून म्हणाला, "परवा पाय बघताना मला काहीच दिसत नव्हतं गं. दिसतंय म्हणालो."

त्याने बागवाल्यापुढे हात जोडले. बागवाल्याने बादली उचलली. "चारचौघांत बोललात, चारचौघांतच सांगा," एवढंच म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी शिकाऱ्याने ते सांगितलं.

जनावरांचे डॉक्टर आले, सुया टोचल्या. आणखी दोन दिवस गेले असते तर बोट काढावं लागलं असतं, असं म्हणाले. दीड महिन्याने मौनी धावायला लागली. सुनेने मला पुन्हा शिवलं, तपकिरी दोरा संपला होता म्हणून लाल दोऱ्याने, आणि हवा खेळावी म्हणून दोन भोकं पाडली. आता मी क्वचितच पायात जातो, आणि गेलो तर घरी पोचताच उतरतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

शिकाऱ्याच्या गळ्यात आता दोरीचा चष्मा असतो. रानातून परतताना तो त्या सपाट दगडावर बसतो, स्वतः पाणी प्यायच्या आधी चष्मा पुसतो, डोळ्यांवर चढवतो आणि मौनीपुढे हात पसरतो. मौनी हाताकडे बघते, मग मान वळवते. पूर्वी न मागता पाय देणारी ती, आता घरी येऊन सुनेलाच पाय दाखवते. ती माझ्याइतकीच संशयी झाली आहे, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मुकं जनावर असेल तर त्याच्या पायाला नुसती पट्टी बांधून मोकळे होऊ नका. आधी आत नीट बघा. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा आणि दुसऱ्याला बघू द्या. माझ्यासारखा बूट चढवलात, तर तो काढायला विसरू नका. बूट स्वतःहून कधीच सांगणार नाही. मी नाही सांगितलं.

काल शिकाऱ्याने नेहमीसारखा हात पसरला. मौनी बराच वेळ उभी राहिली. मग तिने उजवा पाय उचलला आणि दगडावर ठेवला. त्याच्या हातात नाही, हाताशेजारी. शिकाऱ्याने हात हलवला नाही. तसाच बसून राहिला.