दहा मिनिटांचा व्हिडिओ

आमची लेक मुंगी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "तिच्याशी खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. बघून पुढचं ठरवू."

ती दहा मिनिटं मिळवायला मला तीन दिवस लागले.

पहिल्या दिवशी मुंगीने कपाटाकडे नुसती मान वळवली, तर सासूबाई बाहुली घेऊन हजर.

"आई, तिला मागू तरी द्या."

"लेकराला ताटकळत ठेवायचं? तुझा नवराही उशिराच बोलला. आता थांबतोय का?"

दुसऱ्या दिवशी तो न थांबणारा नवरा आला आणि मोबाइल आडवा धरावा की उभा, यावर सहा मिनिटं बोलला. तिसऱ्या दिवशी मी दाराला आतून कडी लावली, मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि डबे-झाकणं मांडून बसले. व्हिडिओ झकास झाला. एकटी आई किती जीव तोडते ते मॅडमना दिसेल, म्हणून लगेच पाठवला.

मॅडमचा फोन आला. "आता आवाज बंद करून तुम्हीच एकदा बघा."

बघितलं. पडद्यावर नुसतं माझं तोंड चाललेलं. हे काय? रंग कोणता? लाल म्हण. मुंगीने झाकण माझ्यापुढे धरलं. मी डब्याकडे बोट दाखवत होते. तिने ते माझ्या मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी ते तिच्याच नाकासमोर नाचवलं. मग तिने ते स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि हसली. मी काढून घेऊन पुन्हा रंग विचारला. त्यानंतर ती माझ्याकडे पाठ करून बसली. आणि मी तिच्या पाठीला रंग विचारत होते.

सासूबाई तिला मागू देत नाहीत म्हणून मी महिनाभर धुसफुसत होते. इथे पोर तीनदा माझ्याशी बोलायला आली होती आणि मी ऐकलं नव्हतं.

"मग करू काय मी?" मी मॅडमवरच वैतागले.

"गप्प बसा. ती करेल ते करा, आणि थांबा."

"किती वेळ?"

"असह्य होईपर्यंत. मग अजून थोडं."

दुसऱ्या दिवशी बसले. मुंगीने झाकण दिलं, मी घेतलं. तिने हात पुढे केला, मी परत दिलं. असं चौदा वेळा. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आता आईचीही वाचा गेली की काय?" मी ओठ आवळले. पंधराव्यांदा मी झाकण मुठीतच धरून ठेवलं. 'दे म्हण, दे' अगदी दातांपर्यंत आलं होतं. पायाला मुंग्या आल्या, नाक खाजायला लागलं.

मुंगीने माझ्या डोळ्यांत बघितलं. "अं," म्हणाली. मग मांडीवर चढून माझं एकेक बोट उलगडू लागली. करंगळीपाशी थांबून पुन्हा माझ्याकडे बघून, जरा जोरात, "अं."

मी मूठ उघडली, तसं झाकण घरंगळून जमिनीवर गेलं.

"काय म्हणाली गं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं झाकण मुकाट्याने परत कर, म्हणाली."

सासूबाई पुढे झाल्या, झाकण उचलून तिच्या हातात द्यायला वाकल्या. आणि मला कळेना, आता यांना कसं गप्प बसवू.