खडकीचा अकरावा

आप्पांनी सर्वांत मोठा बटाटा ताटाच्या मधोमध ठेवला.

"हा बाळासाहेब. एकोणनव्वद सालची माझी पहिली निवड."

"फुकट गेली," रोहित म्हणाला. "दोन सामने खेळला आणि गालगुंड झाले."

"दोन सामन्यांत पाच गोल. गालगुंड धरून दहापैकी सात."

फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी नावन या आयरिश गावी आलेले मुरलीधरआप्पा, कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे, जूनमध्येही मुलाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. सोलणं कमी, संघ मांडणं जास्त. खडकीच्या फॅक्टरी कॉलनीत दर मे महिन्यात पोरांची हॉकी रंगायची. संध्याकाळचा भोंगा झाला की तांबड्या मातीवर चुन्याच्या रेषा पडायच्या. पहिल्या दिवशी बावीस पोरं ओळीत उभी राहायची. आप्पा आणि स्टोअर्समधले गुरुनाथकाका आळीपाळीने एकेक नाव घ्यायचे.

"दुसरा दिलीप. गोलकीपर. नऊ."

"नऊ? डोळे मिटून उभा राहायचा तो!"

"उभा राहायचा ना? बाकीचे पळायचे."

रोहितने टोपलीतून कोंब फुटलेला, सुपारीएवढा बटाटा काढला आणि ताटाच्या अगदी कडेला ठेवला.

"आणि हा अकरावा? शेवटचा?"

हसतच विचारलं त्याने. पण एकतीस वर्षांनी विचारलं, आणि ताटावरचा हात काढला नाही.

आप्पांनी तो बटाटा उचलला आणि कोंब नखाने खुडला. तेवढ्यात अकरा वर्षांची रेवा काठ्या घेऊन दारात आली.

"आजोबा, वुई नीड अ कॅप्टन! बाबा, यू टू!"

घरांमधल्या हिरवळीवर शेजारची सहा पोरं ओळीत उभी होती. रोहित सवयीने ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला, दुखरा गुडघा जरा वाकवून. पलीकडच्या टोकाला शेजारची मुलगी ईफा, हातात तिच्या आयरिश खेळाची रुंद पात्याची काठी.

"हे तर उलथनं," आप्पा पुटपुटले. पण तिचं पळणं त्यांनी महिनाभर खिडकीतून पाहिलं होतं. आंधळ्यानेही आधी तिलाच घेतलं असतं.

"एज बिफोर ब्यूटी," रेवा म्हणाली. "आजोबा, तुम्ही फर्स्ट."

आप्पांनी ईफाकडे पाहिलं. मग रेवाकडे.

"बाबाला घेणार तू?"

"ऑफ कोर्स. डिफेन्समध्ये ही'ज ग्रँड."

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"रोहित."

"अहो आप्पा, ईफा—"

"ये इकडे."

"ईफा!" रेवा आनंदाने ओरडली.

रोहित लंगडत येऊन शेजारी उभा राहिला. आप्पा समोर बघतच बोलले.

"गुरुनाथने तुला कधीच घेतलं नसतं. कप्तानाच्या पोराला दुसऱ्याने हात लावायचा नाही, अशीच पद्धत होती आमच्यात. त्याची पोरगी वासंतीही शेवटीच जायची त्याच्याकडे. तू माझाच होतास. मग पहिली निवड कशाला घालवू?"

"सांगायचं तरी, आप्पा."

"सांगायचं काय त्यात? इंजिनियर ना तू, एवढा हिशोब कळू नये?" आप्पांनी काठी जमिनीवर टेकली. "ही कार्टी मात्र तुला घेऊन गेली असती."

सामना सहा-एक असा हरले. सहापैकी चार गोल ईफाचे. रोहित तीनदा पडला, त्यातून एकदा आप्पांवर.

जेवताना त्याने गुडघ्यावर गोठलेल्या मटारांची पिशवी धरली होती.

"आजच्या पहिल्या निवडीला किती, आप्पा?"

आप्पांनी रश्श्यातला बटाटा बोटांनी कुस्करला.

"फुकट गेली," ते म्हणाले. "आणि गालगुंडसुद्धा नव्हते."

रोहितने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वडिलांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.