सारवलेला बुध

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, कबूल. पण त्या सकाळी कोणाचंही डोकं फिरलं असतं.

सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला चार महिने झाले होते, आणि विमलाबाईंची सून होऊन पाच. शाळेतलं माझं पहिलंच प्रदर्शन. बांबूची जुनी टोपली पालथी घालून मी तिच्यावर माती आणि कागदाचा लगदा थापला. अंतराळयानानं काढलेले फोटो समोर ठेवून, तीन संध्याकाळी एकेक खड्डा कोरत अर्धा बुध ग्रह केला. अकराला परीक्षक येणार होते. आठ वाजता आंघोळ करून अंगणात येते, तर बुध गुळगुळीत! तीन संध्याकाळींच्या मेहनतीवर अक्षरशः शेण फिरलं होतं.

"टोपलीले किती खड्डे पडले होते वं," सासूबाई हात धुताधुता म्हणाल्या. "म्हटलं, शाळेत नेशीन तं लोक हासतीन. मस्त सारवून देली."

"तुमाले सांगतलं होतं कोणी? विचारल्याबिगर काऊन हात लावता?" मी ओरडलेच.

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला लगेच लाज वाटली, पण बोलून तर बसले होते. काही सुचेना म्हणून फोटो आणून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"कायनं पडले एवढे खड्डे?"

"वरून दगड पडले, आई. तिथं वारा नाई, पाऊस नाई. एकदा पडलेला खड्डा करोडो वर्षं बुजत नाई."

"मंग दगडच मारू ना!"

पदरात खडे घेऊन त्या नेम धरून उभ्या राहिल्या. मीही सुरू झाले. ओल्या शेणामातीत खड्ड्यावर खड्डा पडला, कडा वर उचलल्या, अगदी फोटोतल्यासारख्या. माझ्या कोरलेल्या खड्ड्यांना ही ऐट नव्हती. मग केसांतल्या आकड्यांनी आम्ही खडे उपसले. हसून हसून सासूबाईंना ठसका लागला.

ओली टोपली धरायला त्याही माझ्यासोबत ऑटोत बसल्या. अर्ध्या रस्त्यात मला राहवेना.

"आई, सकाळी मी तुमाले लई बोलली. मनाले लागलं असन."

"लागलं तं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पण मी का बुध आहो, पोरी?"