केळीच्या बनापलीकडची टकटक

अंबिलिकिले म्वाकातोबे मास्तर अंथरुणात उठून बसले आणि त्यांनी कान दिला. केळीच्या बनापलीकडे सुनेच्या अंगणात पिकअप सुरू झाली होती, आणि इंजिनाबरोबर ती टकटकही. शिवणयंत्र भरधाव चालावे तशी हलकी, कोरडी, इंजिनाच्या वरच्या अंगाने येणारी. तळातून येणारा जड ठोका असता तर ते केव्हाच घाबरले असते. पण हे टॅपेट वाजत होते. व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसणाऱ्या या बोटभर डब्या पोटात तेल असले की गुपचूप काम करतात, आणि रिकाम्या असल्या की आदळत राहतात.

पूर्वी चुलीवरचा चहा कपात ओतेपर्यंत ही टकटक थांबत असे. आता चहा पिऊन संपला तरी ती चालू राही, आणि गाडी तशीच कुरकुरत केळीचे घड घेऊन म्बेयाच्या रस्त्याला लागे. दुपारी बाजारातून परतल्यावर तीच गाडी पुन्हा सुरू केली तर चकार शब्द काढत नसे. ज्या दिवशी ती रात्री उशिरा परते, त्याच्या दुसऱ्या सकाळी टकटक थोडक्यात आटोपे. एवढ्यावरून मास्तरांनी निदान केले होते. झीज असती तर तिने वेळकाळ पाहिला नसता. गाडी उभी राहिली की वरचे तेल उतरून तळाशी जात होते, आणि तुकुयुच्या डोंगरांतल्या जुलैच्या ऐन हिवाळ्यात ते पुन्हा वर चढायला वेळ लागत होता.

म्बेयाच्या टेक्निकल कॉलेजात त्यांनी हयातभर इंजिने शिकवली होती. अजूनही दूरदूरच्या गॅरेजांतून विद्यार्थ्यांचे फोन येत. पण अंगणापलीकडच्या गाडीला त्यांनी हात लावला नव्हता, कारण ती सुनेची होती.

मुळात ती ग्वाकिसाची, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. तो तापाने गेला आणि त्याची विधवा अतुगानिले त्याचा केळीचा धंदा चालवू लागली. त्यांच्या न्याक्युसा जमातीच्या जुन्या रीतीप्रमाणे सून सासऱ्यासमोर येत नाही. तो वाटेत दिसला तर वाट सोडून केळीआड होते, नजर वर करत नाही, त्याचे नाव ओठांवर आणत नाही. नव्या घरांतून ही रीत केव्हाच सैल झाली होती. ती सोडायची तर पहिला शब्द सासऱ्याने टाकायचा असतो. ग्वाकिसा एकदा म्हणालाही होता, "बाबा, तिला एकदा समोर बोलवा आणि मिटवा हे. तुम्ही तर शिकलेले." मास्तरांनी तेव्हा विषय बदलला. मुलगा गेल्यावर तर हा आडपडदा त्यांना सोयीचा वाटू लागला. तिच्या डोळ्यांतले दुःख पाहावे लागत नव्हते, आणि आपले दाखवावे लागत नव्हते. ती रोज संध्याकाळी शेजारच्या म्वाइपाजाच्या बायकोहाती शिजवलेली केळी आणि घेवडा पाठवी. मास्तर भांडे घासून परत करीत. दोघांमध्ये एवढेच बोलणे होते.

त्या सकाळी म्वाइपाजा कुंपणातून आत आला. तो मास्तरांच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती.

"काय मास्तर, आजही अंथरुणातनंच गाडी तपासली का?"

"तपासली. कुणीतरी घट्ट तेल ओतलंय तिच्यात."

"वास आला वाटतं इथवर!"

"आवाज लांबलाय. जुनं इंजिन म्हटलं की इथले सगळे घट्ट तेल ओततात. गरम गाडीला त्यानं बरं वाटतं, थंड गाडीचा जीव जातो. दोष फिल्टरमध्ये आहे. त्यात रबराची एक चकती असते, ती रात्रभर तेल अडवून धरते. ती कडक झाली की—"

"मला नको शिकवूस. मी तुझ्या वर्गात असतो तर तू मला दारातच नापास केला असतास." म्वाइपाजा ओट्यावर टेकला आणि त्याचा आवाज उतरला. "तिनं निरोप दिलाय. क्येलाहून तिचा भाऊ बोलावतोय, घरी ये म्हणतो. ती विचारते, गाडी ठेवू की विकू? बाबा काय म्हणतात ते सांगा, म्हणाली."

गाडी विकली म्हणजे ती इथे राहणार नाही, हे मास्तरांना कळत होते.

"सांग, इंजिन चांगलं आहे."

"आणि?"

"आणि फिल्टर बदलून घे म्हणावं."

म्वाइपाजा गुडघ्यांवर हात टेकून उठला. "बरं. फिल्टर तर फिल्टर."

दोन दिवसांनी तो उत्तर घेऊन आला. बाजारातला मेकॅनिक हसला होता. बिछान्यातून कान लावून कुठे निदान होते का, इंजिन संपले आहे, असे त्याने सांगितले होते. म्बेयाचा एक खरेदीदारही सकाळी गाडी पाहायला येऊन, टकटक ऐकून नाक मुरडून गेला होता. सोमवारी आपला माणूस घेऊन पुन्हा येतो, एवढे मात्र म्हणाला होता.

मास्तरांना त्यातले टकटकीचे तेवढे ऐकू आले. हा आवाज घालवला की तिची गाडी चालेल, गाडी चालली की धंदा चालेल आणि धंदा चालला की ती राहील, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. दुसऱ्या पहाटे ते कोट चढवून केळीच्या बनापर्यंत गेले. धुक्यात ती पाठमोरी घड चढवत होती. हाक मारायची, एवढेच काम होते. त्यांनी घसा साफ केला. तिने तो आवाज ओळखला असावा, कारण ती झटकन गाडीआड झाली. मास्तर माघारी फिरले.

रविवारी ती पायी चर्चला गेली, तेव्हा ते हत्यारे घेऊन तिच्या अंगणात आले. म्बेयातल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्यांनी चांगला फिल्टर आणि पातळ तेल मागवून ठेवले होते. थंडीने दुखणारे गुडघे सावरत, ओल्या गवतावर पाठ टेकून ते गाडीखाली सरकले. थंड तेल मधासारखे संथ उतरत होते. ते पूर्ण निथळेपर्यंत त्यांनी घाई केली नाही. जुना फिल्टर हातात घेऊन त्यांनी आतली चकती नखाने दाबून पाहिली. ती वाळल्या सालीसारखी ताठ झाली होती. निदान बरोबर निघाल्याचा आनंद त्यांना झाला, आणि तो सांगायला तिथे कोणी नव्हते. सवयीप्रमाणे नव्या फिल्टरवर खिळ्याने तारीख कोरून त्यांनी तो बसवला, तेल भरले, ग्वाकिसाच्या जुन्या किल्लीने इंजिन थोडे चालवून गळती नाही हे पाहिले, आणि चर्च सुटण्याआधी ते घरी परतले. कपडे पार माखले होते.

सोमवारी पहाटे ते चुलीपाशी कान लावून बसले. बनापलीकडे इंजिन सुरू झाले आणि सायीसारखे मऊ चालत राहिले. किती दिवसांनी त्यांनी चहा चवीने घेतला.

दुपारी म्वाइपाजा आला तो उभ्यानेच बोलला. "गाडी गेली, मास्तर. म्बेयावाला आला, बॉनेट उघडून कान लावला, आणि 'असं इंजिन सोडायचं नाही' म्हणत तिथल्या तिथे घेऊन गेला."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

बुधवारी अतुगानिले निघाली. भाऊ रस्त्यावर गाडी घेऊन थांबला होता. ती मास्तरांच्या कुंपणाशी, केळीच्या पानांआड, पाठ फिरवून उभी राहिली आणि मास्तरांजवळ उभ्या असलेल्या म्वाइपाजाला उद्देशून बोलली.

"काका, बाबांना सांगा, मी निघाले. आणि फिल्टर बदलला, त्याचे आभार सांगा."

"कसला फिल्टर?" म्वाइपाजा चक्रावून मास्तरांकडे पाहू लागला.

"चर्चमधून आले तर गाडीखालचं गवत दबलेलं. वाकून बघितलं तर फिल्टरवर तारीख. हे सांगायचे, तारीख घातल्याशिवाय बाबा फिल्टर लावत नाहीत." ती थांबली. "मी विचारलं होतं, ठेवू की विकू. उत्तर आलं नाही. मग बाबांनी गाडी नीट करून दिली, गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी. मी समजले. जा म्हणतायत."

"नाही," मास्तर म्हणाले.

"बाबा म्हणतात, नाही," म्वाइपाजाने सवयीने पुढे सांगितले.

"तू थांबावंस म्हणून केलं मी ते."

या खेपेला म्वाइपाजाने काही पोचवले नाही.

"मी त्या दिवशी गाडीत बसून रडले, बाबा," ती म्हणाली. आता ती सरळ त्यांच्याशीच बोलत होती. "वाटलं, इतक्या दिवसांत तुम्ही मला एवढं स्पष्ट कधीच काही बोलला नव्हतात. तेही जा म्हणून."

रस्त्यावर भावाने हॉर्न दिला.

"अतुगानिले," मास्तर म्हणाले. तिचे नाव त्यांनी आजवर कधी घेतले नव्हते. "पुढे ये. समोर ये."

ती आली आणि तिने गुडघे टेकून दोन्ही हात पुढे केले. मास्तरांनी ते धरले. तळव्यांना घड उचलून घट्टे पडले होते. त्यांनी तिचा चेहरा पाहिला. त्यांना वाटत होते त्याहून तो थकलेला होता आणि थोराड होता, आणि त्यावर कुठेही राग नव्हता. राग असता तर त्यांना बरे वाटले असते.

"घरात भाऊ-भावजयीनं माझ्यासाठी खोली रिकामी केलीय," ती म्हणाली. "आता मागे नाही फिरता येत."

"नाही," मास्तर म्हणाले. "आता नाही."

"क्येलाला ऊब असते. तुमचे गुडघे तिथे दुखणार नाहीत. याल?"

"येईन."

ती उठली आणि मान खाली न घालता, वाट न सोडता, त्यांच्यासमोरून चालत रस्त्याला लागली. म्वाइपाजा हात बांधून उभा होता. आता त्याने पोचवायचा कोणताच निरोप उरला नव्हता, आणि आपण घरी जावे की मास्तरांजवळ थांबावे हे त्याला कळत नव्हते.